३६ अंशांची खोली आणि प्रोसेसरचा कूलर

"भरदुपारी मिक्सर कसला लावलायस रे?" आईनं आतून विचारलं. मिक्सर नव्हता, माझा कॉम्प्युटर होता. एप्रिलचा महिना, सिंहगड रस्त्यावरचं आमचं गच्चीखालचं घर, आणि मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ रेंडरला, म्हणजे संपादनानंतर अंतिम फाइल तयार करायला, लावलेला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याला थंड ठेवायला त्याच्या खोक्यातच आलेला रेथ स्टेल्थ कूलर. तापमान ८९. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश. तिथं टेकला की तो जळत नाही, आपला वेग उतरवतो.

आधी मला प्रोसेसरच बिघडलाय असं वाटलं, कारण चाचण्यांच्या व्हिडिओंत याच जोडीचे आकडे बरेच कमी दिसत होते. मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं. ३६! या चाचण्या बहुतेक वेळा एसीच्या, २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीच्या वर तो किती चढेल, एवढंच त्याच्या हातात. म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ १४-१५ मिळवायचे. एवढं कळल्यावर निम्मा गोंधळ संपला.

उरलेला पुण्याच्या तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या दुकानात, संपला. "दादा, लिक्विडच घ्या, टेन्शन नाही," दुकानदार पाणी फिरवून थंड करणाऱ्या २४० एमएमच्या कूलरचं खोकं पुढे सरकवत म्हणाला. आता हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो. त्याला लिक्विड म्हणजे दोघांच्या भाताला दहा लिटरचा कुकर. शिवाय त्यातला पंप कधीतरी बसणार, आणि तो बसला की अख्खा कूलर बदलायचा. टॉवर कूलरचं, म्हणजे उभ्या पत्र्यांवर पंखा लावलेल्या हवेच्या कूलरचं, तसं नाही, पंखा गेला तर पंखाच बदलता येतो.

मनात डीपकूल कंपनीचा एके-४०० हा टॉवर कूलर होता. पण माझ्या जुन्या कॅबिनेटचं माहितीपत्रक केव्हाच हरवलेलं, म्हणून निघण्यापूर्वी प्रोसेसरच्या पाठीपासून काचेपर्यंत पट्टी लावून पाहिली होती: १५६ मिलिमीटर. एके-४०० ची उंची १५५. माझ्या पट्टीवर माझा एवढा विश्वास नाही. त्यांचाच एजी-४०० १५० चा आहे, त्यातही चार हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या) आणि १२० एमएमचा पंखा. दोन हजारांच्या आतबाहेर पैसे देऊन तोच घेतला.

खरी फजिती घरी झाली. माझ्या प्रोसेसरच्या एएम-४ या सॉकेटप्रकारात पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्याला फक्त बाजूनं धरून ठेवतं. जुना कूलर काढण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ करायची, मग कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवायचा, हे मी वाचलेलं होतं. तरी थंड मशीनवरच स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढला. प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर! कोपऱ्यातली एक पिन वाकलेली. त्याच क्षणी मदरबोर्डामागची, कूलरचे स्क्रू धरणारी धातूची पट्टीही खण्णकन् खाली पडली. पोटात गोळाच आला. पेनपेन्सिलमधलं शिसं काढलं, तिचं रिकामं टोक पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून पिन सरळ केली. तासभर तरी गेला असेल. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) जुनी पेस्ट पुसली, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, पंख्याची हवा मागच्या जाळीकडे जाईल अशी दिशा ठेवली. बाकी जोडणी वीस मिनिटांची.

तोच व्हिडिओ, तशीच दुपार, तापमान ७५. रेंडरची दोन-तीन मिनिटं वाचली, फार नाही. पण पंखा आता पूर्ण वेगात पळत नाही, त्यामुळे शेजारी बसून फोनवर बोलता येतं. मला विचाराल तर पैसे त्याचेच दिले.

जुना कूलर पुसून खोक्यात ठेवलाय. मामेभाऊ मागतोय. त्याची खोली तळमजल्यावर आहे, खिडकीशी आंब्याची सावली. त्याला तो सहज पुरेल.