आयर्विनची वही, नोंद सहावी: व्हेरिएबलवर गेलेला आठवडा

पावसाळ्यात सांगलीत सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी किती. त्या प्रश्नाची उत्तरं वडिलांनी २००५ च्या महापुरापासून एका लांबट वहीत लिहून ठेवली आहेत. ती वही मी जुन्या लॅपटॉपवर ग्राफक्यूएलच्या (हवी तेवढीच माहिती मागवायची क्वेरी-भाषा) एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती विचारता येईल अशा सोयीत, उतरवतोय, हे आधीच्या नोंदींत आलंच आहे. स्कीमा (कोणती माहिती कोणत्या प्रकारची, याचा आराखडा) लागला, सर्व्हर उभा राहिला. या खेपेला पोस्टमनमधून (एपीआयला रिक्वेस्ट पाठवून बघायचं ॲप) क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, तपासायला बसलो आणि अख्खा आठवडा व्हेरिएबल्सवर (किंमत बदलता येणाऱ्या नावांवर) गेला.

क्वेरी साधी आहे: पाणी अमुक फुटांच्या वर होतं ते दिवस द्या. त्यासाठी डॉलर चिन्हाचं 'मिनफीट' हे व्हेरिएबल, प्रकार इंट (पूर्णांक), पुढे उद्गारचिन्ह, म्हणजे किंमत दिलीच पाहिजे. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. दोन्हींसाठी पोस्टमनमध्ये वेगवेगळी एन्व्हायर्नमेंट (किमतींचे नावानिशी संच) केली, म्हणजे एन्व्हायर्नमेंट बदललं की आकडा आपोआप बदलेल.

पाठवलं, तर उत्तर आलं: मिनफीटची किंमत चुकीची, इंट कॅनॉट रिप्रेझेंट नॉन-इंटिजर व्हॅल्यू (पूर्णांक नसलेली किंमत इंटमध्ये बसत नाही), आणि पुढे ४०. क्वेरीतच थेट ४० लिहिलं की मात्र उत्तर यायचं. दोन रात्री मी रिझॉल्व्हर (सर्व्हरवरचा उत्तर शोधून देणारा कोड) उसवून परत शिवत होतो. शनिवारी मिरजेचा मित्र आला. त्यानं रिझॉल्व्हरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कन्सोल उघड की. काय लिहिलंयस ते नको दाखवू, काय गेलंय ते दाखव."

पोस्टमनच्या कन्सोलमध्ये प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट दिसते. तिथे व्हेरिएबल्सच्या ओळीत ४० च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं होती. माझीच. महिरपी कंसांच्या जोडीत एन्व्हायर्नमेंटमधल्या व्हेरिएबलचं नाव लिहिताना मी ते अवतरणात टाकलं होतं, कारण त्याशिवाय ते जेसनसारखं (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) दिसत नाही. एररमध्येही ती चिन्हं होती, माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

इथे दोन निराळ्या गोष्टींना आपण एकाच नावानं हाक मारतो, आणि घोळ तिथेच होतो. महिरपी कंसांचं व्हेरिएबल पोस्टमनचं. रिक्वेस्ट निघण्याआधी तो नावाच्या जागी मजकूर चिकटवतो, बस. प्रकार-बिकार त्याला ठाऊक नसतो. डॉलरचं व्हेरिएबल ग्राफक्यूएलचं. ते जेसनमधून सर्व्हरपर्यंत जातं आणि तिथे त्याचा प्रकार तपासला जातो. अवतरणं ठेवली की स्ट्रिंग (नुसता मजकूर), काढली की संख्या. काढली, चाललं. एन्व्हायर्नमेंट निवडायचं राहिलं तर कंसांसकट नावच पुढे जातं, हेही कन्सोलमध्ये लगेच कळतं. आणि व्हेरिएबल्सच्या चौकटीत नावापुढे डॉलर लावायचा नाही. तो लावला की 'किंमत दिलीच नाही' अशी तक्रार येते.

मग धोका पातळीचं एन्व्हायर्नमेंट निवडलं, तर थेट ४००, म्हणजे 'रिक्वेस्टच चुकीची' असा स्टेटस कोड. आता अवतरणं नव्हती, आकडा बरोबर दिसत होता. बराच वेळ कन्सोलकडे बघत बसल्यावर ध्यानात आलं, ४५ देवनागरीत होता. वहीवरून टाइप केलेल्या फायलीतून मी तो उचलला होता. जेसनला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक चालतात. वहीतली प्रत्येक नोंद देवनागरीत आहे, म्हणजे हे एका जागी निस्तरून भागणार नव्हतं. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी शून्य ते नऊ सलग दहा जागांवर बसलेत, त्यामुळे इम्पोर्ट स्क्रिप्टमध्ये एका वजाबाकीत काम झालं.

या सगळ्यात सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. अवतरणांच्या चुकीच्या वेळी माझ्या पोस्टमनमधल्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या! माझा सर्व्हर त्या चुकीलाही २००, म्हणजे 'सगळं ठीक' हा स्टेटस कोड, देत होता, आणि टेस्ट फक्त २०० बघत होती. आता उत्तरात एरर्सची यादी नसावी आणि डेटा रिकामा नसावा, हे दोन्ही तपासतो. तुमच्या कलेक्शनमध्ये (पोस्टमनमधला रिक्वेस्टचा संच) नुसतं स्टेटस तपासत असाल तर आजच बदला.

शेवटचा अडथळा इंचांचा. वहीत '४३ फूट ६ इंच' अशी नोंद असते. ती ४३.५ केली तर इंट घेत नाही. फ्लोट (दशांशाचा प्रकार) करावं म्हटलं, तर ५ इंचांचे दशांश संपतच नाहीत. वडिलांना विचारलं, थोडे इंच सोडले तर चालेल का. "पायरीवर पाणी चढतं ते इंचानंच," म्हणाले. म्हणून आता सगळं इंचांतच ठेवतोय, पूर्णांकात. ४३ फूट ६ इंच म्हणजे ५२२, इशारा ४८०, धोका ५४०. व्हेरिएबलचं नाव 'मिनइंचेस' केलं, प्रकार इंटच राहिला.

२००५ ची पानं चढली आणि दोन्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये उत्तरं वहीशी जुळली. २०१९ चं पान बाकी आहे. त्या पुरात वहीला ओल लागली, ऑगस्टमधल्या दोन ओळींची शाई पसरलीय. रविवारी वडिलांना शेजारी बसवून ते आकडे वाचून घ्यायचेत.