पाठमोरी

पावसाळी मासेमारीची बंदी उठून तीन आठवडे झाले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. सकाळी काकींना मोबाइलवर मी काढलेल्या त्यांच्या चित्राचा फोटो दाखवला, तो दाखवायला नको होता असं दिवसभर वाटतंय.

काकी तारली आणि बांगडा वेगळा करत होत्या. हात पदराला पुसले, फोन आधी जवळ धरला, मग लांब. बर्फाने पांढरी पडलेली बोटं त्यांनी लगेच ओळखली. करंगळीला काळा धागा आहे, तोही. वाकलेली पाठ बघितली. मग म्हणाल्या, "आनि माझा तोंड खय हाय गो?"

तोंड नाहीच आहे. दोन वर्षं त्या साडेपाच फुटी कॅनव्हाससमोर उभी होते आणि एकदाही मला ते सुचलं नाही.

मुंबईत प्रदर्शनात त्या पाठीपुढे लोक थांबले, कष्टाचं प्रतीक म्हणाले. मीही अर्जांत, मुलाखतींत तेच म्हणत आले. अठरा वर्षं झाली. माड, होडी, कौलारू घर काढा, लगेच जाईल, असं सांगणारे भेटले, त्यांना नाही म्हटलं. त्या नाही म्हणण्याची किंमत घरानेही मोजली... असो. एवढं करून काढली काय, तर पाठ. रडूच आलं रिक्षात.

चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात २००५पर्यंत रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर माणसांचे एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात शहरातली कष्टकरी माणसं रंगवायची. सावर्ड्याला चित्रकला शिकताना त्यांच्या चित्रांचे छापील फोटो मी तासन्‌तास बघायचे. गर्दी असली तरी ज्याचं तोंड त्याचं. ते तेव्हा दिसलं होतं मला. मग माझ्या हातून कुठे सुटलं? तोंड काढायचं तर समोर बसावं लागतं, त्यांनी आपल्याकडे बघितलेलं सोसावं लागतं. मी मागेच उभी राहायचे. मागून सोपं होतं.

संध्याकाळी परत गेले. बसाल का माझ्यासमोर, म्हणून विचारलं. परवा बसते म्हणाल्या, पण कामाच्या लुगड्यात नाही, लेकीच्या लग्नातली हिरवी साडी नेसून. मला जेटीवरच्या काकी हव्या होत्या. पण तोंड त्यांचं आहे, साडीही त्यांनीच ठरवावी.

हिरव्याची ट्यूब तळापर्यंत दाबून बघितली. पुरणार नाही. उद्या बाजारात जाऊन आणते.