आमची वाटचाल: औषधाआधी पाहणी

वाळवी नियंत्रणाचे काम आम्ही दोघा भावांनी एक फवारणी पंप आणि उसनी आणलेली ड्रिल मशीन यांच्या बळावर सुरू केले. ग्राहक दाखवील त्या जागी औषध मारले की आपले काम झाले, अशी तेव्हा आमची समजूत होती. पहिल्याच वर्षी एका घरात कपाटामागच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या; त्या खरवडून, औषध फवारून आम्ही परतलो. काही महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले. या वेळी न्हाणीघराच्या दाराची चौकट बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती, पण अंगठा दाबताच रंगाचा पापुद्रा आत गेला आणि लाकडाच्या जागी ओलसर माती हाताला लागली. भिंतीतला नळ गळत होता आणि त्या ओलीच्या आधाराने वाळवी जमिनीतून वर चढत होती. चौकट आम्ही स्वखर्चाने बदलून दिली. पूर्ण पाहणी झाल्याखेरीज औषधाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम त्या दिवसापासूनचा आहे.

आज आमचा कारागीर घरात शिरला की आधी टॉर्च आणि पेचकस बाहेर काढतो. पेचकसाच्या मुठीने चौकट ठोकत जाताना भरीव आवाज मध्येच पोकळ झाला, तर तिथे तो थांबतो. फुगलेला रंग आणि अचानक घट्ट बसू लागलेले दार यांमागे नुसती ओल असू शकते. म्हणून एकाच खुणेवरून तो निष्कर्ष काढत नाही.

सर्वाधिक गोंधळ पंखांच्या किड्यांवरून होतो. पाऊस पडून गेल्यावर दिव्याभोवती थवा जमतो आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा खच पडतो, तेव्हा लोक घाबरून फोन करतात. वाळवीचे चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात; पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात. मुंग्या निघाल्या तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो, मग काम हातचे गेले तरी चालेल. लाकडाला बारीक गोल भोके पडून खाली पिठासारखी भुकटी सांडत असेल, तर ते बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम असते. कोरड्या लाकडातली वाळवी मात्र सहा कडांचे, वाळूसारखे कण टाकते. तिला जमिनीतल्या ओलाव्याची गरज नसते, त्यामुळे मातीत औषध सोडून तिच्यावर उपाय होत नाही.

जमिनीतल्या वाळवीसाठी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत भोके पाडून औषध खाली मातीपर्यंत पोहोचवावे लागते. नळीवर रॉकेल ओतल्याने समोर दिसणारी वाळवी मरते, वारूळ मातीत तसेच राहते. म्हणूनच ग्राहकांना आमची कळकळीची विनंती असते की आम्ही येण्यापूर्वी नळ्या पुसून टाकू नका. त्यांतली एक आम्ही बोटभर तोडतो, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहितो आणि काही दिवसांनी पुन्हा येऊन पाहतो. तुटलेला भाग ताज्या ओल्या मातीने सांधलेला दिसला, तर वाळवीची ये-जा चालू आहे हे पक्के होते. तो कोरडाच राहिला तरी आम्ही घर सोडत नाही, कारण ती वाट टाकून वाळवीने दुसरी धरलेली असू शकते.