बऱ्हाणपूर: पॅकेजच्या फंदात पडू नका, थेट गांधी चौक गाठा

भुसावळहून रेल्वेने तासाभरात पोचता येतं. कटकट सुरू होते स्टेशनबाहेर. ‘दस पॉइंट, सब दिखाऊंगा’ म्हणत रिक्षावाल्याने आठशे रुपये ठरवले आणि भर उन्हात आधी तापीपलीकडे आहूखान्यावर, म्हणजे मुघलांच्या जुन्या हरणबागेत नेलं. ‘यहीं मुमताज की कब्र’ म्हणाला. मुमताज १६३१च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात वारली, तिला आधी इथे पुरलं, हे खरंच. पण त्याच वर्षाअखेरीस तिचा देह आग्र्याला नेला. बघायला उरल्यात पडक्या भिंती. या एका फेरीत अख्खी दुपार गेली. वर गांधी चौकात पठ्ठ्या म्हणतो, मशीद रिक्षातूनच बघून घ्या! शिवाय उतरताना ‘वेटिंग’चे दोनशे जादा. अजून चीड येते. तिथेच हिशेब मिटवून त्याला सोडला.

कारण बऱ्हाणपूरला यायचं ते या चौकासाठी. इथली जामा मशीद खानदेशच्या फारुकी सुलतानांपैकी राजा अली खानाने बांधली. दर्शनी पंधरा कमानी, दोन उंच मिनार, पण वर घुमट एकही नाही. आत उत्तरेकडच्या टोकाला भिंतीवर अरबीसोबत चक्क संस्कृत शिलालेख आहे. सुरुवात ‘श्री सृष्टिकर्त्रे नमः’. लिपी देवनागरी, त्यामुळे मान वर करून एकेक अक्षर लावता येतं. पुढे फारुकी राजांची वंशावळ, मग संवत १६४६, शके १५११ आणि पंचांगासारखी तिथी, वार, नक्षत्र. मशिदीत शके! मी तिथून हलायलाच तयार नव्हतो. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, त्या विजयाचा फारसी लेखही इथेच कोरून ठेवलाय. खानदेशचं राज्य उभं कसं राहिलं आणि बुडालं कसं, दोन्ही एकाच आवारात. आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांना सहलीला आधी इथे आणायला हवं.

तर, स्टेशनवरून चौकापर्यंतचीच रिक्षा करा, भाडं बसण्याआधी ठरवा. नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारी दुपारी नकोच. लेख उंचावर आहे, छोटी दुर्बीण असू द्या. चौकातून शाही किल्ला पायीच करा, हमामखान्यातलं छतावरचं रंगकाम चुकवू नका. कुंडी भंडाऱ्याला, म्हणजे जमिनीखालच्या मुघलकालीन पाणीयोजनेला जाणार असाल तर खाली उतरायची लिफ्ट चालू आहे का ते निघण्याआधी विचारा. असीरगड दुसऱ्या दिवशी केला, चांगला झाला. आहूखाना वगळलात तरी चालेल. मावा जिलबी मात्र गरमच खा. बांधून घरी न्यायचा तो दराबा, इथली खास मिठाई.