निपाणीचे काका आणि बुर्रीचे गोणपाट

टूर मॅनेजरला धास्ती कशाची, असं कुणी विचारलं तर मी व्हॅटिकनच्या रांगेचं नाव घेणार नाही. मला धास्ती असते ती इटलीतल्या उंब्रियाच्या सहलीतल्या चित्ता दि कास्तेल्लोची. गाव देखणं आहे. तिबेर नदीचं खोरं, जुनी तटबंदी, पर्यटकांची गर्दी नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराची दोन संग्रहालयं आहेत. पिसाच्या मनोऱ्याला टेकू देतानाचे फोटो काढून आलेल्या मंडळींना भिंतीवर टांगलेले फाटके गोणपाट दाखवायचे, म्हणजे "याचे पैसे आपण भरलेत?" हा प्रश्न ठरलेलाच.

सप्टेंबरची सुरुवात होती. मुक्काम गावाबाहेर एका शेतघरात. सकाळी बस निघून जेमतेम दोन वळणं झाली असतील, तोच मागून आवाज आला, "ओ मॅनेजर, गाडी थांबवा! तंबाखू हाय!"

निपाणीचे काका उभेच राहिले होते. यांची तिथे तंबाखूची वखार, आता मुलगा बघतो. फ्लोरेन्समध्ये दोन दिवस हे गृहस्थ काकूंच्या पर्सा सांभाळत बाकड्यावर बसून होते, आणि आता खिडकीला नाक लावून उभे. रस्ता अरुंद, मागे गाड्या, थांबणं शक्यच नव्हतं. "परत येताना बघू," म्हटलं. काका बसले, पण पुढे धुराड्यांची रांग असलेली जुनी इमारत दिसली की, "ही भट्टी. ही पण भट्टी," असं चालूच.

पहिलं संग्रहालय गावातल्या पंधराव्या शतकातल्या वाड्यात आहे, पलात्सो आल्बिझ्झिनी. स्थानिक गाइडबाई इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत. बुर्री याच गावचा, जन्म 1915चा, पेशाने डॉक्टर. लष्करात असताना 1943 मध्ये ट्युनिशियात पकडला गेला, टेक्सासमधल्या हियरफर्डच्या युद्धकैदी छावणीत गेला आणि तिथे चित्रं काढू लागला. सुटून आल्यावर डॉक्टरकी सोडली ती सोडलीच. गोणपाटावरचे टाके बघून समीक्षकांना शल्यचिकित्सा आठवते, जखमा आठवतात. 1959 मध्ये रोमच्या राष्ट्रीय कलादालनात असाच एक गोणपाट लागला तेव्हा प्रकरण थेट संसदेत गेलं होतं.

एव्हाना निम्मा ग्रुप बाकावर बसलेला. काका मात्र हात पाठीमागे बांधून चित्राच्या इतके जवळ गेले की रखवालदार पुढे आला.

"डॉक्टरचे टाके कुठले? दाभणाचे हायत," काका म्हणाले. "आणि पोतं वापरलेलं हाय. हे भोक बघा, लांबट. आकडा टोचून ओढल्यावर असंच फाटतंय. हे ठिगळ माल सांडू नये म्हणून लावलेलं, पोत्याच्या मालकानं. आणि हे दुसरं ह्या डॉक्टरनं लावलंय."

"कशावरून?"

"सुतळी ताणली न्हाई. ह्यात माल भरायचाच न्हवता की."

मी ते गाइडबाईंना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग चष्मा लावून स्वतःच वाकून बघू लागल्या. बुर्री वापरलेलीच पोती घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काकांना पुढच्या चित्राकडे नेलं, बाकावरची मंडळी उठली आणि पुढच्या दोन दालनांत माझं काम फक्त निपाणीचं इंग्रजी करण्याचं उरलं. बोद, म्हणजे तंबाखूचं गाठोडं, कसा बांधतात, तो उलगडून पानाचा कस कसा बघतात, सगळं झालं. काकू मला हळूच म्हणाल्या, "घरात इतकं बोलत नाहीत हो."

जेवणात तोर्ता अल तेस्तो, तव्यावरची जाड भाकरीच म्हणा, आत चीज आणि पालेभाजी. उंब्रियाच्या अळणी पावाला कंटाळलेल्या लोकांनी ठेच्याची बाटली काढली आणि चर्चा मिटली.

दुसरं संग्रहालय म्हणजे खरोखरच तंबाखू वाळवण्याच्या जुन्या शेड्स. बाहेरून संपूर्ण काळ्या रंगवलेल्या, आत बुर्रीची प्रचंड चित्रं, 1990 पासून लोकांसाठी खुल्या. काका चित्रं सोडून छताकडेच बघत होते. इथे बाजी मारली ती पुण्याच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी. 1966च्या नोव्हेंबरात आर्नो नदीच्या पुराने फ्लोरेन्सची ग्रंथालयं बुडाली, तेव्हा भिजलेली हजारो पुस्तकं या शेड्समध्ये वाळवली होती, हे कळल्यावर त्यांनी गाइडबाईंना प्रश्नांनी भंडावून सोडलं. मधेच काकांनी सल्ला दिला, "एकदम ऊब द्यायची न्हाई, पान कडक हुतंय." पुस्तकाचं की तंबाखूचं, ते मी विचारलं नाही.

शेत राहिलंच होतं. शेतघराच्या मालकाने शेजाऱ्याला फोन लावून दिला. ड्रायव्हर टॅकोग्राफकडे, म्हणजे गाडी चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राकडे, बोट दाखवत होता. त्याचे तास भरले की बस हलत नाही, आणि ते बरोबरच आहे. शेवटी बस मुक्कामी लावली आणि आम्ही चालत गेलो.

शेतकरी सत्तरीचा. खालची पानं तोडून झाली होती, वरची पिकायची होती. काकांनी एक पान बोटांत चोळलं, वास घेतला आणि काळी चिकट बोटं त्याच्यासमोर धरली. त्यानेही आपली धरली. मग तो आम्हाला त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. काठ्यांवर पानं टांगलेली, खाली ओकच्या लाकडांचा धूर. हा सिगारीचा माल. आमच्याकडे झाड कापून उन्हात वाळवतात, हे काकांनी हातवारे करून सांगितलं. धुरावर एवढा खर्च करायचा हे काही त्यांना पटलं नाही, आणि उन्हावर भरवसा ठेवायचा हे त्या म्हाताऱ्याला. दोघे आपापल्या भाषेत तावातावाने भांडत होते आणि मध्ये दुभाषा म्हणून माझी कुणालाच गरज नव्हती. जेवणाला उशीर झाला म्हणून तीन कुटुंबांनी माझ्याकडे तक्रार केली, ती मी वहीत लिहून घेतली.

पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत ऑफिसने बुर्रीची दोन्ही संग्रहालयं गाळून तिथे आउटलेट मॉल घातलाय. मी भांडतोय. निदान शेड्स तरी ठेवा म्हणालोय. शेताचं मी आणि ड्रायव्हर बघून घेऊ.