बुवांची पेटी कुठे अडली

माईक बिघडला म्हणून कोणी दुकानात आलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. ऐकू कोणाला येत नाही, तुम्हाला की समोरच्याला? आणि अजिबातच येत नाही, की काहीतरी येतं? बरेच जण वैतागतात. त्यांना वाटतं, याला काम येत नाही म्हणून हा प्रश्न विचारत बसलाय. पण खरोखर मेलेला माईक माझ्याकडे क्वचित येतो. आवाज तोंडातून निघून मुंबईतल्या कानात पडेपर्यंत वाटेत जॅक असतो, साउंड कार्ड असतं, विंडोजची परवानगी असते, मीटिंगच्या ॲपची परवानगी असते. यातलं कोणीही आवाज अडवू शकतं. माईक सगळ्यात पुढे दिसतो म्हणून शिव्या तो खातो.

माझं दुकान मालवणात. ही गोष्ट श्रावणातली, आचऱ्याकडच्या एका वाडीतली. गिऱ्हाईक म्हणजे भजनी बुवा. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, गाजवलेला माणूस, आमच्याकडे लोक आवाजावरून ओळखतात, म्हणून नाव लिहीत नाही. वाडीतली पोरं मुंबईला, कोण दिव्याला, कोण नालासोपाऱ्याला. चवथीला गावी आली की घरोघर भजनं करायची, आणि त्याची तालीम बुवा आषाढापासून कॉम्प्युटरवर घेत होते. बुवांकडचा डेस्कटॉप पुतण्याचा जुना, त्याने मुंबईहून येताना आणून दिलेला.

फोनवर बुवा म्हणाले, "झिला, नवो माईक हाडलंय, तरी पोरांका कायच ऐकाक येणा नाय."

फोनवरून माईक दुरुस्त करता येतो, पण समोरच्याला 'सेटिंग्ज' कुठे आहे ते दिसत असेल तर. बुवांना चष्मा लावूनही कर्सर सापडत नव्हता. दुपारी पाऊस जरा उघडला तसा स्कूटर काढून गेलो.

पहिली भानगड दोन मिनिटांची होती. 'नवा माईक' म्हणजे मोबाईलचा हेडसेट निघाला, आणि त्याची पिन कॅबिनेटच्या मागच्या गुलाबी भोकात खुपसलेली. पीसी ९९ नावाच्या नियमावलीपासून डेस्कटॉपला गुलाबी म्हणजे माईक, हिरवं म्हणजे स्पीकर, निळं म्हणजे लाइन-इन असे रंग ठरलेले आहेत, त्यामुळे बुवांनी भोक बरोबर निवडलं होतं. फक्त पिन चुकीची होती. मोबाईलच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि शेवटी माईक. डेस्कटॉपच्या गुलाबी भोकाला तीन भागांचीच पिन ठाऊक. त्याला जिथे माईक हवा असतो तिथे या पिनेचं टोक येतं, आणि टोकाला असतो डावा कान.

हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. साउंडच्या खिडकीतला 'रेकॉर्डिंग' टॅब उघडला आणि बुवांना म्हटलं, डाव्या कानाचं बोंडूक तोंडाशी धरा आणि बोला. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघत ते ओठांशी नेलं आणि 'विठ्ठल' म्हटलं. हिरव्या पट्ट्या हलल्या. अगदी थोड्या, पण हलल्या. इअरफोनमध्ये पडदा असतो, पडद्याला तारेचं वेटोळं, शेजारी चुंबक. वीज दिली की पडदा हलून आवाज होतो. उलट आवाजाने पडदा हलवला की तारेत वीज होते, फक्त नखभर. बुवांना हे इतकं आवडलं की त्यांनी घरातल्या बायामाणसांना बोलावून पुन्हा एकदा कानात बोलून दाखवलं.

हेडसेटसाठी माझ्या पिशवीत वाय आकाराची पिन कायम असते: एका बाजूला मोबाईलच्या पिनेचं भोक, दुसऱ्या बाजूला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना. पण मी हेडसेट फक्त कानापुरता ठेवायचं ठरवलं. हेडसेटचा माईक गालाजवळ लोंबतो, पेटी खाली मांडीशी. तो पेटीला काय न्याय देणार? बुवांकडे पूर्वीचा टेबलावरचा माईक होता, खणात टाकून दिलेला. त्याच्या पिनेवर हिरवट थर चढला होता. आमच्याकडे समुद्राचं वारं आणि पावसाळ्यातला दमटपणा मिळून पितळेचं हे करतातच, जुन्या समईवर चढतो तोच हा कळंक. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिन पुसली, जॅकमध्येही काडी फिरवली, सुकू दिलं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणीही असतं आणि चिकटपणाही. माईक लावला. बुवांचा आवाज स्वच्छ आला.

आणि त्या आवाजाखाली घरघर.

रेकॉर्ड करून त्यांना इअरफोनवर ऐकवलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, चालतंय. त्यांनी डोळे मिटले, पेटी पुढे ओढली, भाता हलवून एक पट्टी दाबून धरली आणि सोडली. परत इअरफोनला कान दिला.

"ही घरघर पांढरी पाचात लागता," म्हणाले. "जरा चढी आसा."

मी खिशातून मोबाईल काढून कॅल्क्युलेटर उघडला, कारण खरं सांगायचं तर अंगावर काटा आला होता. पांढरी पाच म्हणजे इंग्रजी जी. खर्जातला तो सूर ९८ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि वीज माईकच्या तारेत शिरली की छोट्या इअरफोनमधून जी घरघर ऐकू येते ती ५०ची नसते, तिच्या दुपटीची असते, १००ची. ९८ला १०० म्हणजे जरा चढी. माझ्याकडे मल्टिमीटर होता, टेस्टर होता. बुवांनी नुसत्या पेटीवर विजेचा दोष पकडला होता.

मग त्यांना विचारलं, कॅबिनेटला हात लागला की काही होतं का? "मुंग्यो येतत," म्हणाले. कधीपासून? पहिल्यापासून. मग सांगितलं का नाही? त्यांना वाटलं, कॉम्प्युटर म्हणजे असंच असतं.

टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला लावला तर निऑन पेटला. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये तोंडाशीच फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ही किंचितशी गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर पत्रा २३०च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी नगण्य म्हणून मुंग्यांवर भागतं, पण पावसाळ्यात ओल्या कोब्यावर अनवाणी बसून त्याला हात लावत राहावं असं मी कोणाला सांगणार नाही. माईकच्या स्वस्त तारेला धड शिल्ड, म्हणजे बाहेरची वीज अडवणारं आवरण, नसते, तिला ही वीज शेजारून लागते. बुवांनी पत्र्यावर तळवा टेकवला की घरघर बदलायची, हीच त्याची खूण.

एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनांचं, वायरमध्ये हिरवी तारही होती, पण कोणा शहाण्याने ती आत दुमडून तिच्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. असे बोर्ड मी घरोघरी बघतो. पंखा चालतो, टीव्ही चालतो, मग अर्थ कशाला, असा हिशेब. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ शाबूत आहे का ते फेज आणि अर्थमध्ये टेस्टिंगचा दिवा लावून बघितलं, दिवा लख्ख पेटला. हिरवी तार जागच्या जागी आवळली. निऑन विझला, मुंग्या गेल्या, घरघर बरीचशी खाली बसली. उरलेली माईक बूस्टमुळे, म्हणजे माईकचा आवाज वाढवणाऱ्या सेटिंगमुळे होती. हेडसेटचा आवाज येत नाही म्हणून पुतण्याने मुंबईत बसून रिमोटवरून बूस्ट ३० डेसिबलवर नेऊन ठेवला होता. ३० डेसिबल म्हणजे सिग्नल सुमारे बत्तीस पट, चांगला-वाईट दोन्ही. तो १०वर आणला. घरघर गेली म्हटलं तरी चालेल; बुवा म्हणाले, आसा थोडी. त्यांच्या कानापुढे मी काय बोलणार.

मला वाटलं काम झालं. चहा आला, खापरोळी आली. संध्याकाळी मुंबईची पोरं जोडली गेली. बुवा बोलले, पोरं म्हणाली, मस्त येतंय. बुवांनी पेटीवर षड्ज धरला.

"बुवा, पेटी वाजवा ना," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

बुवा वाजवतच होते. भाता जोरात हलवून त्यांनी परत सूर धरला. पोरगा म्हणाला, सुरुवातीला जरासं येतं आणि विरून जातं. पखवाजावर थाप मारली तर ती तुटक, अर्धी गिळलेली. नुसता गळा मात्र खणखणीत.

अशा वेळी रस्ता मधोमध कापायचा. मीटिंग बाजूला ठेवून विंडोजच्या रेकॉर्डरवर पेटी रेकॉर्ड केली. भरदार, भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. म्हणजे पेटी माईकमधून कॉम्प्युटरमध्ये पोचत होती आणि त्यानंतर कुठेतरी मारली जात होती. ॲपचं ऑडिओचं पान उघडलं. नॉईज सप्रेशन, म्हणजे गोंगाट कापणारी सोय, 'हाय'वर.

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, मीच केलंय, आषाढात पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा बडवायचा की बुवांचं बोलणंच कळायचं नाही. बरोबरच केलं होतं त्याने. पत्र्याखाली बसून पावसात फोनवर बोललेल्या कोणालाही ते पटेल.

पण हे सप्रेशन ठरवतं कसं, की काय आवाज आणि काय गोंगाट? माणसाचं बोलणं सारखं बदलतं: अक्षर, थांबा, चढ, उतार. पंखा, पाऊस, मिक्सर एकसारखे चालत राहतात. जे बराच वेळ एकसारखं चालू आहे ते गोंगाट समजून कापायचं, ही जुनी पद्धत. नव्या ॲपांमध्ये बोलण्याच्या आणि गोंगाटाच्या ढीगभर नमुन्यांवर शिकवलेलं सॉफ्टवेअर असतं, ते बोलण्यासारखं नसलेलं बाजूला करतं. धरलेला षड्ज दोन्हींत सापडतो. तो हलत नाही, त्याला अक्षर नाही. सूर जितका पक्का धरावा तितका लवकर मरतो. तंबोरा, बासरी, शंख, सगळ्यांची हीच गत.

हे बुवांना सांगितलं तर ते पेटीवर हात ठेवून गप्प बसले आणि मग फुटलेच. "म्हणजे तेका पाऊस नि पेटी एकच? चाळीस वर्षां वाजवतंय मी!" मुंबईच्या खिडक्यांत पोरं हसायला लागली, तसे तेही हसले.

उपाय सेटिंगमध्येच होता. संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते, ती चालू केली. आवाज आपोआप कमीजास्त करणारी खूण काढली, कारण ती असली की बुवा गप्प झाले रे झाले की पाऊस वर येतो. ध्वनिचालकात म्हणजे ड्रायव्हरमध्येही एन्हान्समेंट म्हणून एक सप्रेशन बसलेलं असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ॲपमधलं बंद करून लोक थकतात आणि खालचं आपलं कापत राहतं. तेही बंद. प्रतिध्वनी मारणारी सोय काढता आली ती हेडसेटमुळे, पोरांचा आवाज कानातच राहत होता, माईकपर्यंत येत नव्हता. वाय पिनेचं हिरवं टोक हिरव्या भोकात, टेबलाचा माईक गुलाबी भोकात.

आता पेटी पलीकडे पोचेल तशी पत्र्यावरची सरही पोचेल. त्याला सेटिंग नाही, त्याला जागा बदलावी लागते. टेबल पडवीतून उचलून माजघरात आणलं. तिथे वर कौलं आणि माळा, पाऊस निम्म्याहून कमी ऐकू येतो. माईक पेटीपासून हातभर लांब होता तो वीतभरावर आणला, भात्याच्या बाजूला नाही, पट्ट्यांच्या बाजूला. अंतर निम्मं केलं की पेटीचा आवाज सहा डेसिबलनी वाढतो आणि पाऊस आहे तेवढाच राहतो. महागडा माईक घेण्याआधी लोकांनी एवढं करून बघावं असं मला नेहमी वाटतं, पण फुकटचा सल्ला कोणी घेत नाही.

बुवांनी परत षड्ज धरला. पलीकडून लगेच कोणी काही बोललं नाही; मग एकाने आपली पेटी ओढून तोच सूर लावला, दुसऱ्याने झांज धरली. सगळे एकदम सुरू झाले आणि सगळा गोंधळ झाला, कारण इंटरनेटवर आवाज पोचायला वेळ लागतो आणि एकत्र तालात वाजवणं जमत नाही. बुवांनी ओरडून थांबवलं. मी वाजवतंय, तुमी ऐका, मगे एकेकान वाजवा. शिकवण्याचा तो जुनाच क्रम असल्यामुळे त्यांना त्यात काही अडचण वाटली नाही.

मूळ आवाजाचं बटण मीटिंग सुरू झाल्यावर दाबलेलं आहे का ते दरवेळी बघावं लागतं. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरला चिकटवलं. पैसे घेताना अर्थिंगचे वेगळे लावले नाहीत, वाय पिनेचे लावले. निघताना पुतण्याला परत फोन करून सांगितलं, आता रिमोटवरून काही फिरवायचं नाही, पाऊस ऐकू आला तरी. मागून बुवा मोठ्याने म्हणाले, "तेका सांग, पाऊस ऐकाक इलो तर गप ऐक. गावचोच पाऊस मा तो?"