निकाल बघून ठरवलेला दोष

मामा ऑपरेशन टेबलवरच गेले आणि आम्ही सगळे डॉक्टरांवर तुटून पडलो, मामीच्या हातात अजून त्यांच्या चष्म्याची डबी होती आणि मी ओरडत होतो की ऑपरेशन करायलाच नको होतं. नंतर बॅरन आणि हर्शी या संशोधकांचा १९८८ चा प्रयोग वाचला. लोकांपुढे एक केस ठेवली: ५५ वर्षांचा हार्ट पेशंट, बायपासमध्ये जीव जायची शक्यता ८ टक्के, डॉक्टरचा निर्णय तोच, फक्त एकीकडे पेशंट वाचतो, दुसरीकडे दगावतो. आणि दगावला की लोक तोच निर्णय जास्त वाईट ठरवतात! अहो, आम्ही हेच केलं ना. धोका डॉक्टरांनी आधीच सांगितला होता, सही मीच केलेली. मामा घरी आले असते तर त्याच डॉक्टरांना पेढे नेऊन दिले असते. रविवारी त्यांना भेटायला जातोय, मामीपण येते म्हणाली.